कॅमशाफ्टला पुढेमागे किती हलू द्यायचं?

जुनी स्पोर्ट्स कार पूर्ण उघडून बांधायला घेतली की सगळ्यांचं लक्ष पिस्टन, रिंगा, क्रँक आणि हेड यांच्याकडे जातं. पैसे तिथे लागतात, चर्चा तिथे होते, फोटोही त्यांचेच निघतात. वाल्व उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या, तोंडाशी तीन स्क्रूंवर बसणारी छोटी प्लेट मात्र रॉकेलच्या ट्रेमधून निघते, पुसली जाते आणि न मोजता परत लावली जाते. इंजिन बांधताना सगळ्यात कमी खर्चात मोठं नुकसान टाळता येण्यासारखी जागा हीच आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून आज फक्त तिच्याबद्दल.

एखादं ठरावीक इंजिन डोळ्यांसमोर असलं की समजायला सोपं जातं, म्हणून एमजीबी घेऊ. ही इंग्लिश गाडी १९६२ ते १९८० या काळात बनली. इंजिन १७९८ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) या कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. ठाण्यात रस्त्यावर एमजीबी दिसणं दुर्मीळच, पण तिचं इंजिन आपल्याला परकं नाही. आपल्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, आणि एमजीबीच्या आधीच्या एमजीए १५०० मध्येही १४८९ सीसीचंच बी-सिरीज इंजिन होतं. त्यामुळे सरकारी पांढऱ्या अँबॅसडर ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळल्या, त्या वागळे इस्टेट किंवा कोपरीकडच्या जुन्या मिस्त्रींना ही प्लेट नुसत्या हाताच्या स्पर्शाने ओळखू येते. घरी आजोबांची अँबॅसडर कव्हरखाली उभी असेल तर पुढची पद्धत तिलाही लागू पडते, आकडे फक्त तिच्या मॅन्युअलमधले घ्यायचे.

कॅमशाफ्टचं काम थोडक्यात सांगतो. बी-सिरीजमध्ये तो ब्लॉकच्या आत आडवा असतो, तीन बेअरिंगांवर फिरतो. पुढच्या टोकाला त्याचं चाक असतं आणि क्रँकवरच्या लहान चाकाकडून टायमिंग चेन त्याला फिरवते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर कॅम १५०० वर. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, खालून टॅपेट उचलतात, टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड रॉकरला आणि रॉकर वाल्वला. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. पण कॅमला आणखी दोन कामं आहेत, ती सहसा ध्यानात येत नाहीत. प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर आणि ऑइल पंप, दोन्ही त्याच्याच अंगावरच्या तिरप्या दातांच्या गिअरवरून चालतात.

प्लेटची सगळी गोष्ट या तिरप्या दातांपासून सुरू होते. सरळ दातांचा गिअर समोरच्याला फक्त फिरवतो. तिरप्या दातांचा गिअर फिरवतानाच स्वतःला बाजूला रेटतो. त्यामुळे कॅमशाफ्ट सतत पुढे किंवा मागे सरकायला बघतो. त्यात टॅपेटची भर पडते. टॅपेटचा तळ एकाच जागी झिजू नये, त्याने स्वतःभोवती फिरत राहावं म्हणून पुष्कळ इंजिनांत लोबला अगदी किंचित उतार दिलेला असतो, किंवा टॅपेटचं केंद्र लोबच्या मध्यापासून जरासं बाजूला ठेवलेलं असतं. त्यातूनही आडवा रेटा येतो. गाडीचा वेग वाढला, कमी झाला, ऑइल थंडीत जाड झालं, गरम होऊन पातळ झालं, की हे रेटे बदलतात. कॅम मोकळा सोडला तर तो आपल्या बोगद्यात पुढेमागे करत राहील. कॅमची बेअरिंगं त्याला वरखाली हलू देत नाहीत, पण लांबीच्या दिशेने त्यांचा काहीच अटकाव नसतो. तो अटकाव ही प्लेट करते.

मॅन्युअलमध्ये तिला लोकेटिंग प्लेट म्हटलेलं असतं, बरेच दुकानदार थ्रस्ट प्लेट म्हणतात. सुटा भाग मागवताना दोन्ही नावं शोधा.

तिची रचना नीट समजून घ्या, कारण मापं का घ्यायची ते त्यातूनच कळतं. कॅमच्या पुढच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या जाड भागाला, पुढे एक सपाट तोंड असतं. त्याच्या पुढे शाफ्ट बारीक होतो. हा बारीक भाग म्हणजे खांदा. प्लेटच्या भोकातून हा खांदा आरपार येतो आणि प्लेट ब्लॉकला स्क्रूंनी पक्की होते. खांद्याच्या पुढच्या कडेवर टेकून टायमिंगचं चाक बसतं आणि नट आवळला की चाक आणि कॅम एकजीव होतात. आता प्लेटच्या मागे जर्नलचं तोंड आणि पुढे चाकाची पाठ. कॅम पुढे आला तर जर्नल प्लेटला टेकतो, मागे गेला तर चाकाची पाठ टेकते. खांद्याची लांबी प्लेटच्या जाडीपेक्षा जितकी जास्त, तितकाच कॅमला पुढेमागे वाव. मेकॅनिक याला एंड प्ले किंवा नुसतं प्ले म्हणतात.

बी-सिरीजसाठी हा प्ले ०.००३ ते ०.००७ इंच असायला हवा. आपल्या लेथवाल्यांच्या भाषेत तीन ते सात थाउ, थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये ०.०७६ ते ०.१७८. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे कमीत कमी मर्यादा एका कागदापेक्षाही बारीक आणि जास्तीत जास्त मर्यादा दोन कागदांच्या आतच. हाताने ढकलून "ठीक वाटतंय" म्हणायचा हा प्रांत नाही.

प्ले जास्त झाला तर काय बिघडतं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण नुकसान भलतीकडेच दिसतं आणि दोष वेगळ्याच भागाच्या माथी जातो. डिस्ट्रिब्युटर फिरवणारी दांडी कॅमला काटकोनात असते आणि तिचे दात कॅमच्या तिरप्या दातांत अडकलेले असतात. कॅम न फिरता नुसता पुढे सरकला, तरी त्याचे दात त्या दांडीचे दात सोबत ओढतात. म्हणजे कॅमचं सरकणं डिस्ट्रिब्युटरचं फिरणं होतं. हिशेब सोपा आहे. समजा त्या दांडीवरच्या गिअरची त्रिज्या १२ मिलिमीटर आहे आणि झिजलेल्या प्लेटमुळे कॅम अर्धा मिलिमीटर सरकतोय. ०.५ ला १२ ने भागलं की साधारण ०.०४२ रेडियन, म्हणजे जवळपास २.४ अंश. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकच्या मापात हे ४.८ अंश झाले. जवळजवळ पाच अंशांनी इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, कधी पुढे, कधी मागे! ज्या इंजिनाचं टायमिंग आपण टायमिंग लाइट धरून एकेक अंश जुळवतो, तिथे ही चूक केवढी मोठी आहे ते यावरून कळेल. याच त्रिज्येला प्ले सात थाउंच्या आत ठेवला तर चढउतार क्रँकच्या पावणेदोन अंशांच्या आत राहतो.

अशा गाडीचा मालक मग कार्ब्युरेटर उघडतो, प्लग बदलतो, पॉइंट घासतो. आयडल अस्थिर, मध्येच नॉकिंग, टायमिंग लाइटखाली खूण नाचतेय. हे सगळं झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरमुळे किंवा सैल चेनमुळेही होतं, त्यामुळे दर वेळी प्लेटच दोषी असते असं नाही. पण प्लेट टायमिंग कव्हरच्या आत लपलेली असते आणि कव्हर काढायला पुढची पुली, रेडिएटर सगळं सोडावं लागतं. म्हणून तिच्यावर संशय सगळ्यात शेवटी जातो. इंजिन उघडंच आहे तेव्हा पाच मिनिटं तिला देणं किती फायद्याचं आहे, हे इथे ध्यानात येतं.

प्ले फार कमी असेल तर धोका वेगळा. ऑइलचा थर टिकायला जागाच उरत नाही. प्लेट आणि जर्नल कोरडे घासतात, तापतात, धातू ओरबाडला जातो आणि त्याची बारीक पूड ऑइलबरोबर पुढे जाते. नव्या प्लेटच्या बाबतीत ही शक्यता विसरू नका. नवा भाग म्हणजे मापात असणारच, असं कुणी गृहीत धरू नये. बाजारात आज मिळणाऱ्या प्लेटांच्या जाडीत फरक असू शकतो, शिवाय नवा कॅम किंवा ॲडजस्टेबल टायमिंग चाक लावलं असेल तर खांद्याचं आणि चाकाच्या पाठीचं गणितही बदलतं.

जुनी प्लेट हातात आल्यावर आधी ती पेट्रोलने स्वच्छ धुऊन उजेडात तिरपी धरा. भोकाभोवती चकचकीत कडं दिसेल. तिथे जर्नल घासत होता. आता बाहेरच्या न घासलेल्या भागावरून त्या कड्याकडे अंगठ्याचं नख सरकवा. नख कडेवर अडकलं तर तिथे खोबण पडली आहे आणि ती प्लेट बाद. नख न अडकता गेलं, तरी मायक्रोमीटरने कड्यावर चार ठिकाणी जाडी घ्या, बाहेरच्या भागाचीही घ्या आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. काही प्लेटांच्या एका बाजूला बेअरिंगच्या पांढऱ्या धातूचा थर असतो. ती बाजू कॅमच्या जर्नलकडे येते. उलटी बसवली तर मऊ थर चाकाकडे जातो आणि जर्नल नागव्या पोलादावर घासतो. काढतानाच मार्करने पुढच्या बाजूला खूण केली की हा घोळच होत नाही.

जोडणीआधी आपल्याकडच्या हवेबद्दल एक गोष्ट. ठाण्यात खाडी जवळ, जून ते सप्टेंबर हवा ओलीच. मशीन केलेला उघडा पृष्ठभाग रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी त्याच्यावर तांबूस छटा येते. कॅमचे जर्नल, लोब आणि प्लेट ऑइल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच ठेवा. गंज पॉलिश पेपरने काढता येतो हे खरं, पण आपण थाउमध्ये मापं घेतोय आणि प्रत्येक घासणीत माप जातं.

कॅमची नवी बेअरिंगं बसवली असतील तर ती लाइन रीमिंग करून, म्हणजे एका रेषेत अचूक मापाला कोरून, घ्यावी लागतात. ते काम मशीन शॉपचं. घरी करायच्या भानगडीत पडू नका. तिथून ब्लॉक आला की ऑइलच्या सगळ्या वाटा ब्रशने धुऊन, हवेने फुंकून घ्यायच्या आणि मगच कॅम आत घालायचा.

पहिलं माप ब्लॉकच्या बाहेर, टेबलावर घ्यायचं. कॅमवर प्लेट सरकवा, चाकाला शाफ्टवर अडकवणारी छोटी धातूची चावी तिच्या खाचेत बसवा, चाक चढवा, वॉशर आणि नट लावून नीट आवळा. हे आवळणं फार महत्त्वाचं आहे. नट सैल असेल तर चाक खांद्याला टेकत नाही, फट मोठी दिसते आणि तुम्ही खोट्या आकड्यावर विश्वास ठेवता. चावी खाचेत उंच राहिली असेल किंवा चाकाच्या भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत धार, आलेली असेल तरी हेच होतं. आवळताना कॅम पकडायचा असेल तर व्हाइसमध्ये ॲल्युमिनियमचे किंवा लाकडाचे जबडे लावा आणि लोबला हात लावू नका. मग प्लेट पुढे चाकाकडे दाबून प्लेट आणि जर्नल यांच्या मध्ये फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची मोजपट्टी, घाला. चार थाउची पट्टी अलगद अडखळत जाते, सात थाउची जातच नाही, असं असेल तर तुम्ही मधोमध आहात. या मापाच्या वेळी अंगावर फक्त पातळ ऑइल हवं. असेंब्लीची जाड पेस्ट आधीच चोपडली तर पट्टी पेस्टच मोजते.

आता ब्लॉकमध्ये. इंजिन स्टँडवर असेल तर ब्लॉकचं पुढचं तोंड वर करा. शाफ्ट सरळ खाली उतरतो आणि लोबच्या धारदार कडा बेअरिंगच्या मऊ धातूला ओरबाडत नाहीत. प्लेट जिथे बसते ती ब्लॉकची जागा आरशासारखी स्वच्छ हवी. जुन्या पॅकिंगचा तिळाएवढा तुकडा मागे राहिला तरी स्क्रू आवळताना प्लेट वाकते आणि एका बाजूचा प्ले नाहीसा होतो.

स्क्रूंच्या बाबतीत आपल्या भागात नेहमीची एक फसगत आहे. या गाड्यांचे आटे इंचातले, यूएनएफ या बारीक आट्यांच्या प्रकारातले. हरवलेल्या स्क्रूऐवजी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा नाक्यावरच्या हार्डवेअरमधून मेट्रिक बोल्ट आणला की तो दिसायला अगदी सारखा वाटतो. पाच-सोळांश इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा आणि आठचा मेट्रिक बोल्ट ८ मिलिमीटरचा, डोळ्याला फरक कळत नाही. पण पहिल्याचे इंचाला २४ आटे, म्हणजे साधारण १.०६ मिलिमीटरला एक आटा, आणि दुसऱ्याचा दर १.२५ मिलिमीटरला. दोन वेढे हाताने जातो, मग अडतो, आणि तिथे पाना लावला की ब्लॉकचे आटे गेले. ओतीव लोखंडाच्या जुन्या ब्लॉकमध्ये नवे आटे पाडून घेणं हे प्लेटच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडतं. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनीच फिरला पाहिजे. नाही फिरला तर तो चुकीचा आहे किंवा भोकात घाण आहे. लांबीही तपासा. लांब स्क्रू भोकाच्या तळाला टेकला तर घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि प्लेट मात्र सैल राहते. मूळ जोडणीत इथे दातेरी शेकप्रूफ वॉशर असतात. ते नवे घ्या. आट्यांना लॉकिंग लिक्विडचा एक थेंब लावायलाही हरकत नाही, मात्र आटे आधी तेलमुक्त करून. सगळं बसल्यावर कॅम पूर्ण फिरवून पाहा, स्क्रूचं डोकं चाकाच्या पाठीला कुठे लागत नाही ना.

यानंतरचं माप डायल गेजने. मॅग्नेटचा पाय ब्लॉकवर, सुईचं टोक चाकाच्या सपाट भागावर. कॅम मागे दाबा, काटा शून्यावर आणा, मग चाक हाताने पुढे ओढा. काटा जितका फिरला तितका प्ले. एकदा मोजून थांबू नका. कॅम पाव फेरा फिरवा, पुन्हा मोजा, असं चार जागी. चारही आकडे सारखे आले तर उत्तम. कुठे चार थाउ आणि कुठे एकच येत असेल तर प्लेट वाकली आहे किंवा चाक तिरकं बसलंय. अशा वेळी सरासरी काढून समाधान मानू नये, उघडून कारण शोधावं.

प्ले कमी निघाला तर प्लेट पातळ करता येते. जाड काच सपाट टेबलावर ठेवायची, वर बारीक पॉलिश पेपर, थोडं ऑइल, आणि प्लेट बोटांच्या समान दाबाने आठच्या आकड्यात घासायची. पांढऱ्या धातूची बाजू घासायची नाही, पोलादाची घासायची. थोडं घासायचं आणि मायक्रोमीटर लावायचा. घाई केली की दोन थाउ जास्त जातात आणि ते परत येत नाहीत. प्ले जास्त असेल तर आधी नवी प्लेट लावून बघा. तरीही जास्तच राहिला तर दोष खांद्याच्या लांबीत किंवा जर्नलच्या झिजलेल्या तोंडात आहे आणि कॅमच मशीन शॉपला दाखवायला हवा. प्लेटमागे शिम, म्हणजे पातळ चकती, सरकवून भागवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने प्लेट पुढे येते, पण खांदा आणि प्लेटची जाडी यांतला फरक तेवढाच राहतो.

प्ले नक्की झाल्यावरच दोन चाकं एका रेषेत आणायची. दोन्हींच्या दातांवर सरळपट्टी धरा, फट दिसली तर फिलरने मोजा आणि क्रँकच्या चाकामागच्या शिम कमीजास्त करा. हा क्रम उलटा केला आणि नंतर प्लेट बदलली तर कॅमच्या चाकाची जागा बदलते आणि हे काम पुन्हा करावं लागतं. मग चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणून चेन चढवायची, टेन्शनर लावायचा. कॅमचा नट ६० ते ७० पौंड-फूट, म्हणजे ८.३ ते ९.७ किलोग्रॅम-मीटर, आणि लॉक वॉशरचा कान नटाच्या सपाट बाजूवर दुमडायचा. तो वॉशर एकदा दुमडलेला परत वापरू नये.

सगळ्या इंजिनांत प्लेट अशीच असते असं नाही. ट्रायम्फच्या छोट्या इंजिनात, जे स्पिटफायरमध्ये होतं आणि मद्रासला बनलेल्या आपल्या स्टँडर्ड हेरल्डमध्येही त्याच घराण्यातलं होतं, कॅमच्या पुढच्या जर्नलला खोबण असते आणि दोन बोल्टांवरची फाट्यासारखी प्लेट त्या खोबणीत बसते. तिथे खोबणीची रुंदी वजा प्लेटची जाडी म्हणजे प्ले. खोबणीच्या दोन्ही भिंती झिजतात, त्यामुळे नवी प्लेट लावूनही प्ले जास्त राहणं तिथे जास्त संभवतं.

शेवटच्या जोडणीत लोब, टॅपेटचे तळ आणि प्लेटच्या दोन्ही बाजूंना मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा. नव्या कॅमवर जुने टॅपेट चालवू नका. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल, झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजच्या बऱ्याच ऑइलांमध्ये झिंक-फॉस्फरस कमी केलेलं असतं आणि सपाट टॅपेटच्या जुन्या कॅमना ते पुरत नाही. प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवत राहा आणि ऑइलचं प्रेशर आलेलं दिसल्यावरच प्लग लावा. पहिल्यांदा चालू झालं की आयडलवर सोडायचं नाही. साधारण २००० आरपीएमवर, वेग थोडा वरखाली करत, वीसेक मिनिटं चालवायचं. कारण आयडलला लोबवर ऑइल कमी उडतं आणि नव्या लोबचं आयुष्य याच मिनिटांत ठरतं.

गार झाल्यावर टॅपेटची फट पुन्हा जुळवा आणि मग टायमिंग लाइट धरा. खूण एका जागी उभी राहायला हवी. ती नाचत असेल तर आधी डिस्ट्रिब्युटरची बुश बोटांनी हलवून बघा, मग चेनचा टेन्शनर. प्लेटचे चार आकडे तुमच्या वहीत लिहिलेले आहेत, त्यामुळे कव्हर पुन्हा उघडायची वेळ आलीच तर कारण काय नाही, एवढं तरी आधीपासून ठाऊक असेल.